माशी

परवान्याच्या वहीत नंबर आहे,
बारा बोअर, जात पंप,
आपांच्या नावावर आडवी रेघ,
वरती माझं, जरा तिरकं.
दस्त्याची लांबी लिहायला रकाना नाही.

दस्ता आपांच्या हाताचा. ते एवढे उंच
की प्रत्येक फोटोत दारात वाकलेले.
मी खांद्याला लावली की मान ताणायची,
बोट घोड्याशी जेमतेम पोचायचं.
पहिल्या बारानंतर दंडावर जांभूळ उमटलं,
त्या आठवड्यात तीन ब्लाऊज उशिरा दिले.

मग रिकामी केली, गोणपाटात गुंडाळली,
सावंतवाडीला नेली सगुण काणेकरांकडे.
लाकडी आंबे, केळी, कणसं कातणारा माणूस.
"लोखंडाक मी हात लावचंय नाय.
लाकडाचा काय ता सांग."
माझीच टेप मागून घेतली
आणि कोपराच्या वाकणापासून बोटाच्या पेरापर्यंत
माझं माप घेतलं.
बावीस वर्षं मी गावाची मापं घेते,
छाती, कंबर, मुंढा.
माझं कुणी घेतलं नव्हतं.
कुठे बघावं कळेना, म्हणून
सुकत ठेवलेल्या पिवळ्या केळ्यांकडे बघत राहिले.

"पावणेदोन इंच जास्ती आसा."
करवत चालली. भुशाला तंबाखूचा वास आला,
की मला वाटला.
कापलेला तुकडा पिशवीत टाकून आणला,
तो आता शिलाई मशीनच्या डाव्या पायाखाली.
मशीन डगमगायचं थांबलं.

पुढची मूठ तडकलेली,
आपांनी ती जाळ्याच्या नायलॉननं आवळलेली.
नवी फणसाची निघाली, हळदीसारखी,
बोटांना सात खाचा,
आणि न विचारता एका टोकाला लाखेचं तांबडं कडं.
"ह्या कित्या?"
"खेळण्याक लावतंव तसा. हात रवना नाय."

रबराचं पॅड पुण्याहून कुरिअरनं,
माशी बेळगावच्या दुकानातून,
लाल, दिवसा इंगळासारखी.
आपा पंपाला खोबरेल घालायचे,
थंडीत तो थिजून बसायचा.
मी मशीनचं तेल घातलं.
खट-खटाक. हातशिलाईइतकं हलकं.

निवडणुकीला जमा करायला नेली
तर पेडणेकर हवालदार उलटीपालटी करत बसले.
"ही आपांची?"
"नंबर बघा."
बघितला. तोच होता.

आश्विनातली काळोखी रात्र, मी माळ्यावर.
मोचेमाडच्या खाडीकडून खारट वारा
आणि बांधाखाली डुकरं,
ओलं कापड फाडावं तशी लोंब्या ओरबाडत.
खांद्याला लावली.
बसली. गाल जिथल्या तिथे.
पण माशी दिसेना.
तिला उजेड लागतो
हे दुकानदार बोलला नव्हता.

आपांची माशी कधीच पडलेली.
ते चुन्याच्या डबीत बोट घालायचे
आणि नळीच्या टोकाला ठिपका लावायचे.
डबी अजून वाशात खोचलेली,
चुन्याचा दगड झालेला.
थुंकीनं भिजवला, नखानं खरवडला.
ठिपका.
काळोखात एवढंसं पांढरं,
त्याच्यामागे एक हलणारी पाठ.
नेम धरला, धरून ठेवला,
मग नळी वर केली.
डुकराचा परवाना माझ्याकडे नाही,
आवाजाचा आहे.

बार आभाळात गेला. कुत्री पार शिरोड्यापर्यंत भुंकली.
पंप ओढला, रिकामं काडतूस
खाली चिखलात चर्रकन बसलं.

सकाळी शेर्लेकरीण ब्लाऊज न्यायला आली.
बाहीवर पांढरं बोट उमटलेलं.
"खडू रवलो गो," म्हणाली.
मी हो म्हटलं
आणि झटकला.